घाटापलीकडचं कोर्ट: आमच्या नवोदित वकील विभागाचा हिशेब

(दृश्य: फोंडाघाट, सकाळ. धुक्यातून वर चढणारी एसटी.)

१८ ऑगस्ट २०२५. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, या दिवशी कामाला लागलं. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर आणि घाटाखालचे आपले दोन जिल्हे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ ही मागणी लावून धरली होती. मागणी पहिल्यांदा मांडणाऱ्यांतले कितीतरी जण हा दिवस बघायला राहिले नाहीत.

मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर दीडशेच्या आसपास. याच उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ पर्वरीला आहे, सावंतवाडीहून गाडीने तासा-दीड तासावर. पण त्याची हद्द गोव्यापुरती, त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाचं अपील पर्वरीवरून नव्हे, मुंबईवरूनच चालायचं. रत्नागिरीच्या उत्तर टोकाच्या मंडणगडकरांचं गणित वेगळं आहे, त्यांना आजही मुंबईच सोयीची. तळकोकणाला मात्र या बेंचने मोठा दिलासा दिलाय.

(दृश्य: तालुका न्यायालयाचं आवार. चिऱ्याची जोती, कौलं, बाररूमच्या दारातली चपलांची रांग.)

ही सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याची बार. बार कौन्सिल वेगळी आणि बार असोसिएशन, म्हणजे आपला वकील संघ, वेगळा. कौन्सिल १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने उभी राहिली, ती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देते, शिस्त बघते. वकील संघ वकिलांनी स्वतःहून, वर्गणी काढून चालवायचा. आमच्या संघात नव्याने सनद घेतलेल्यांसाठी एक वेगळा विभाग आहे. त्याची धुरा इतके दिवस माझ्याकडे होती. आता ती नव्या मंडळींकडे जातेय. काय झालं, काय अडलं आणि आता कशाला हात घालायचा, ते सांगण्यासाठी हे चित्रण केलंय.

सुरुवात कोल्हापूरने केली, कारण विभागाचं सगळं काम आता त्याभोवती फिरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

इतकी वर्षं काय व्हायचं? तालुक्याचा वकील दहा-पंधरा वर्षं दावा चालवायचा. कैफियत, निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा युक्तिवाद, सरतपास, उलटतपास, जागेची पाहणी, सगळं त्याचं. आंब्याचं कलम कोणी लावलं, गडगा कोणत्या साली सरकला, पाणंद कुठून कुठे जाते, हे त्याला पाठ. जिल्हा न्यायालयात पहिलं अपील झालं की फाईलला दोरी बांधायची आणि मुंबईच्या वकिलाकडे पाठवून द्यायची. त्यानंतर त्याने फक्त तारीख विचारायची. ज्याला जमीन माहीत तो इथे आणि जो बोलणार तो तिथे. पक्षकाराचा पैसा दोन्हीकडे जायचा, आणि आमच्या कितीतरी चांगल्या वकिलांची वाढ जिल्हा न्यायालयाच्या पायरीवर थांबायची.

अधिवक्ता कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सनद असलेल्या कुठल्याही वकिलाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभं राहता येतं. हा हक्क आपल्याला होताच. लांब होतं ते कोर्ट. आता तेही जवळ आलंय, तर फाईल सोपवून मोकळं व्हायची सवय मोडायला हवी.

(दृश्य: शनिवारची दुपार. ग्रंथालयातलं लांब टेबल, कपाटातले जाडजूड निकालग्रंथ, पंख्याचा आवाज.)

दुसरा आणि चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी. म्हणून अभ्यासवर्ग पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्ट सुटल्यावर. आधी वर्षभर यात नवे फौजदारी कायदेच घेतले. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, आणि तोंडात बसलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, अटकपूर्व जामिनाचं ४३८ चं ४८२. आणि उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांच्या जुन्या ४८२ चं ५२८, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. पोरींनी तक्ते करून भिंतीवर लावले. ते अजून तिथेच आहेत आणि ज्येष्ठही येता-जाता त्यावर नजर टाकतात.

कोल्हापूर सुरू झाल्यावर वर्गाचा रोख बदलला. आता दुसरं अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावर उच्च न्यायालयात करायचं ते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००.

एका ज्येष्ठांनी आपली निकाली फाईल दिली. पक्षकाराची संमती घेतलेली, नावं खोडलेली. वाटपाचा दावा. एका मुलीने उभं राहून सुरुवात केली, "खालच्या दोन्ही कोर्टांनी साक्षीपुरावा नीट पाहिला नाही." ज्येष्ठांनी तिथेच थांबवलं. "हे पहिल्या अपिलात बोलायचं. इथे कायद्याचा सारभूत प्रश्न दाखव, नाहीतर अपील दाखल होतानाच संपेल."

ती खाली बसली, पानं उलटत राहिली. बाकीचे चहा प्यायले. मग ती म्हणाली, "सर, वंशावळीत तीन बहिणी दिसतात. दाव्यात एकच आहे."

त्यावरून पुढचे दोन तास गेले. आवश्यक पक्षकार सोडून वाटपाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, टिकतो का? मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार असते, वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. मग हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झालाय, पण अंतिम वाटप झालेलं नाही, अशा दाव्यात राहिलेल्या बहिणीला वाटा मागता येतो का? येतो. त्याच निकालात ते स्पष्ट केलंय. आणि कोकणात अंतिम वाटप न झालेले हुकूमनामे पोत्याने पडून आहेत. शेतजमिनीचा हिस्सा दिवाणी कोर्ट फक्त ठरवतं. प्रत्यक्ष तुकडे पाडायला संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी. पोटहिस्सा पडायच्या आधीच पुढची पिढी वारस म्हणून लागलेली असते.

त्या दिवशी त्या मुलीने जो प्रश्न लिहून काढला, तो मी वहीत चिकटवून ठेवलाय. एका वाक्याचा आहे. उच्च न्यायालयापुढे ठेवायला मला लाज वाटणार नाही, उलट अभिमान वाटेल.

(दृश्य: खाजणाकाठचं गाव. माड, चिऱ्यांचे गडगे, बंद घरांची कुलपं.)

इथे जमिनीचे वाद इतके का, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. या किनाऱ्यावर खोती होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी. तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. बाबासाहेब स्वतः वकील, त्यांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ मध्ये. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळं मालक झाली, निदान कागदावर. पुढे माणसं गिरणीत गेली, मुंबईला राहिली, आणि सातबारा सामाईकच राहिला. एका गुंठ्यावर दहा-पंधरा नावं बघायची आपल्याला सवय आहे.

ही सगळी नावं गावात एकत्र येतात ती गणपतीला आणि शिमग्याला. म्हणून विभागाने एक साधी गोष्ट केली. चाकरमानी गावात असतात तेव्हाच समेटाच्या बैठका लावल्या. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दीड दिवसाचे गणपती गेले की घरं थोडी मोकळी होतात, तेवढ्या दिवसांत आम्ही पडवीत जाऊन बसायचो. दोन्ही बाजूंचे वकील आधी बोलून ठेवायचे. जिथे जमलं ती प्रकरणं लोकअदालतीत गेली. तिथल्या तडजोडीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. हे शेवटचं सांगितलं की माणसं सरसावून बसतात.

एका पडवीत एक आजी माझा हात धरून म्हणाली, "वकीलबाय, माका आता तारीख नको. माका माझो वाटो होया." त्या घरातली तडजोड झाली नाही. थोरला भाऊ उठून गेला. दावा चालूच आहे. पण पुढच्या शिमग्याला तिथे परत जायचं, हे नव्या मंडळींनी लिहून घ्यावं. अशी कामं एका बैठकीत होत नाहीत.

(दृश्य: बाररूमचा कोपरा. काळे कोट खुंटीला, वकीलपत्रांवर कल्याण निधीची तिकिटं लावणारे हात.)

आता पैशाचं. याबद्दल बारमध्ये हळू आवाजात बोललं जातं, मी मोठ्याने बोलणार आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. कनिष्ठ वकिलाला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस. शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्यात एवढे पैसे देणं कितीतरी ज्येष्ठांना खरोखर झेपत नाही, हे मला मान्य आहे. पण काहीच न देणं मला मान्य नाही. एसटीच्या भाड्यासाठी आईकडे हात पसरणारी मुलगी तीन वर्षं टिकत नाही. ती बँकेची परीक्षा देते आणि आपण एक वकील गमावतो. विभागाने ज्येष्ठांना एवढंच सुचवलं की ज्युनिअरने काम केलेल्या प्रत्येक वकीलपत्रावर त्याचंही नाव घाला, आणि कोल्हापूरला नेलंत तर प्रवास आणि जेवण तुमचं. बहुतेकांनी ते पाळलं. जे पाळत नाहीत त्यांच्याशी नव्या अध्यक्षांनी पुन्हा बोलावं.

कोल्हापूरच्या गाडीची व्यवस्था आता बसली आहे. आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचं, ज्यांची प्रकरणं लागली असतील त्यांनी गटावर टाकायचं, एकच गाडी काढायची, पहाटे निघायचं. पावसात करूळ घाटात दरड आली तर फोंडाघाटाने. मागच्या सीटवर एक जागा कायम नवोदितासाठी, त्याचं प्रकरण नसलं तरी. उच्च न्यायालयात दिवसभर नुसतं बसून ऐकणं हेही शिक्षणच.

महिला वकिलांसाठी स्वच्छतागृहाचा अर्ज दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्व न्यायालयांत पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र सोय करण्याचे आदेश दिलेत. तो निकाल आम्ही अर्जाला जोडला. काम मंजूर झालेलं नाही. दर महिन्याला स्मरणपत्र गेलं पाहिजे, एकही महिना सुटता कामा नये. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघात कार्यकारिणीच्या किमान एक तृतीयांश जागा महिलांना ठेवण्याचा आदेश २०२४ मध्ये झाला. आपल्यावर तो बंधनकारक नव्हता, तरी विभागाच्या समितीने तो आपणहून स्वीकारला. संपूर्ण संघाच्या घटनेतही तो यावा, असा ठराव वार्षिक सभेपुढे आहे. माझी सर्व सभासदांना विनंती आहे, बाजूने हात वर करा.

(दृश्य: टेबलावर तीन वह्या.)

नव्या समितीकडे तीन वह्या दिल्या आहेत. पहिली वर्गणीची आणि खर्चाची. दुसरी समेटाची, कोणत्या गावात कोणत्या घराशी बोलणं कुठवर आलंय ती. तिसरी मुदतीची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस मिळतात. नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वजा होतो, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत टाकलेला असावा लागतो. निकाल लागला की त्याच दिवशी तारीख, अर्जाचा क्रमांक आणि शेवटचा दिवस या वहीत लिहायचा. ज्येष्ठांनी सांगितलं नाही तरी ज्युनिअरने लिहायचा.

या वहीच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आखून ठेवलाय. कोल्हापूरला स्वतः उभं राहून दुसरं अपील चालवायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी त्यात नाव घालावं. येत्या पहिल्या शनिवारी, कोर्ट सुटल्यावर, त्यातल्या पहिल्या नावाने आपलं अपील वर्गापुढे मांडायचंय. फाईल बरोबर आणा, आणि सारभूत प्रश्न घरूनच लिहून आणा.