विहिरीत पोहता येतं म्हणून स्कुबा? आधी कान आणि छाती दाखवून घ्या

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी लागली की सोलापुरातून तारकर्लीला गाड्या निघतात, आणि गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याला काय, आपण विहिरीत शिकलेलो!" मीही विहिरीतच शिकलो. मुटका मारायचा, श्वास कोंडून तळाशी जायचं आणि मूठभर माती वर आणून दाखवायची. स्कुबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरताना, नेमकी हीच श्वास कोंडायची सवय जिवावर बेतते.

का, ते सांगतो. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरीत आपण वरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली आकसते, वर आलं की होती तेवढी होते. स्कुबात हवा खालीच घेतो, तिथल्या दाबाची. 10 मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं, हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून पाण्याखाली श्वास चालूच ठेवायचा, वर येताना तर नक्कीच.

आता ज्याला दमा आहे त्याच्या छातीत एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहू शकते. टीबी होऊन बरा झाला असला तरी फुप्फुसावर व्रण राहू शकतात, तिथंही तोच धोका. आणि आपल्याकडे टीबी झालेला घरातल्या पाहुण्यालासुद्धा सांगत नाहीत, मग बोटीवरच्या फॉर्मवर कोण लिहिणार? लिहा. फिट येत असेल, हृदयाचा त्रास, बीपी किंवा शुगर असेल, तर जायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दिवस गेलेले असतील तर स्कुबा नाहीच.

कानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मावसभावाचं तिथंच अडलं. दीड-दोन मीटरवरच कान दडपतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, 'टक' झालं की दाब सारखा झाला. हे दुखायच्या आधीपासून करत जायचं. सर्दी असेल तर नाकातून कानाकडे जाणारी हवेची वाट बंद असते, अशा वेळी डाइव्ह रद्द करा. गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडकतो.

भावाचा कान लहानपणी वाहायचा. आईनं कोमट तेल घातलं, वाहायचं थांबलं, विषय संपला. निघायच्या आठवड्यात मी त्याला इथंच सोलापुरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण लावली, आत पाहिलं आणि मला स्क्रीनवर दाखवलं: पडद्याला मसुराच्या डाळीएवढं भोक. असं भोक घेऊन उतरलं की गार पाणी आतल्या कानाजवळ पोहोचतं आणि अशी भोवळ येते की वर कुठं, खाली कुठं, कळत नाही.

परतीचंही बघा. खोल किंवा जास्त डाइव्ह केले असतील तर त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा घाट चढायची घाई करू नका; खालच्या दाबानं हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधीच उंचावर गेलं की दाब कमी होऊन त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. विमानाआधी एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर 18 तास जाऊ द्या.

भाऊ त्या वेळी बोटीत बसून राहिला, आमचे मोबाईल सांभाळत. पुढच्या महिन्यात त्याच्या पडद्याचं ऑपरेशन आहे. कान भरून आल्यावर डॉक्टर काय म्हणतात, ते तुम्हाला इथंच सांगेन.