करड्या घोड्याची वाट

(पहाट. मुंझुर नदीचा आवाज. मग एक तार.)

हे देरसिम. पूर्व तुर्कस्तानातला डोंगराळ मुलूख. सरकारी नकाशावर तुंजेली. इथले झाझा लोक बहुतांशी अलेवी, म्हणजे हजरत अलींना मानणाऱ्या एका वेगळ्या पंथाचे. डोंगर, झरे, जुनी झाडं ही त्यांची देवस्थानं. पहिलं ऊन जिथे पडतं, तिथे म्हातारी माणसं ओठ टेकवतात.

(जवळून: वादकाचे हात.)

हा तेम्बुर. आपल्या तंबोऱ्याच्याच गोतातला, पण नुसता सूर धरून बसणारा नव्हे. हातात नखी नाही, बोटंच तारांवरून फिरतात. वाजवण्याआधी वादक त्याला ओठ लावतो, मग कपाळाला टेकवतो. अलेवी याला तारांचं कुराण म्हणतात. 'जेम' या उपासनेत बायका-पुरुष एकत्र बसतात, आणि प्रार्थना या तारांवरच चालते.

१९३७-३८ मध्ये इथे तुर्की सरकारची फौज आली. हजारो माणसं मारली गेली, हजारोंना पश्चिमेकडे हद्दपार केलं. इथले अलेवी धर्मगुरू आणि पुढारी सय्यद रझा यांना नोव्हेंबर १९३७ मध्ये एलाझिग शहरात फाशी झाली. त्या दिवसांबद्दल उघड बोलायची सोय पुढे कित्येक वर्षं नव्हती. १९८३ ते १९९१ तर झाझाकी या इथल्या लोकांच्या भाषेवरच कायद्याने बंदी होती.

बोलता येत नव्हतं, ते गाण्यात राहिलं.

(एका म्हातारीचा आवाज. वाद्य नाही.)

विलापगीताला इथे 'शुआरे' म्हणतात. आवाज वर चढून थांबतो, मग शब्दांमागून शब्द घेत खाली उतरतो. मेलेल्यांची नावं येतात. कुठला उतार, कुठला ओढा, तेही येतं. मेतिन आणि केमाल काहरामान या भावांनी अशा म्हाताऱ्यांसमोर बसून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, म्हणून आज ती आपल्या कानावर पडतात.

मला सगळ्यात आत लागतं ते या गाण्यांतलं देवाशी भांडण. खिझिर म्हणजे संकटात करड्या घोड्यावरून धावून येणारा संत. त्यालाच विचारतात: आम्ही हाका मारत होतो, तू कुठे होतास? रडणं कुठे संपलं आणि प्रार्थना कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. तोच सूर, तोच श्वास.

आणि तरी दर हिवाळ्यात खिझिरसाठी तीन दिवसांचे उपास होतात. शेवटच्या रात्री भाजलेलं पीठ ताटात पसरून बाजूला ठेवतात. सकाळी घरातलं कुणीतरी सगळ्यांच्या आधी उठतं आणि त्या पिठावर घोड्याच्या टापेची खूण दिसते का, ते वाकून बघतं.