तुमच्या चाकाखालून गेली

नमस्कार श्रोतेहो. अभयारण्यातून रस्ता न्यायचा म्हटलं की दोनच आवाज चढतात. एक म्हणतो विकास अडवू नका, दुसरा म्हणतो फांदीलाही हात लावू नका. माझं म्हणणं साधं आहे. जंगलाला वळसा घालता येतो का, ते आधी पाहा. नसेलच येत, तर जनावराची वाट आधी आखा, माणसाची मागून. पुन्हा सांगतो, जनावराची आधी.

नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत साधारण १६ किलोमीटरांत ९ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आणि खालून प्राण्यांना वाट ठेवली. सर्वांत रुंद वाट ७५० मीटरची.

तिथल्या धाब्यावरचा एक किस्सा मी संधी मिळेल तिथे सांगतो. एक ट्रकवाले काका चहा पिता पिता तावातावाने म्हणत होते, "पैसा मातीत घातला हो! अर्धं आयुष्य गेलं या रस्त्यावर, वाघ सोडा, वाघाची शेपटी नाही दिसली." शेजारी एक वनमजूर तंबाखू मळत बसलेले. त्यांनी विचारलं, "काल रात्री इथून कधी गेलात?"

"दोन-अडीच झाले असतील."

"बरोबर. सकाळीच कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. वाघीण तेव्हाच गेली, तुमच्या चाकाखालून."

काका आधी चिडले, मग हसले, मग म्हणाले, "मंग मी एवढा हॉर्न कोनासाठी वाजवतो?"

खरंच, कोणासाठी? आणि हॉर्नपेक्षा मला राग येतो तो गाडी थांबवून माकडांना बिस्किटं टाकणाऱ्यांचा. पुण्य तुमच्या नावावर, चाकाखाली माकड. असो.

काकांना वाघ दिसला नाही, यातच त्या पैशांचं चीज झालं. २०१९ मध्ये याच पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी आले, त्यांत ११ वाघ.

पूल मात्र प्राण्यांच्या रोजच्या पायवाटेवरच हवा, कंत्राटदाराला सोयीच्या जागी नव्हे. जिथे असे पूल नाहीत, तिथे रात्री रस्ता बंद ठेवता येतो. कर्नाटकात बंदीपूरला २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते, अत्यावश्यक वाहनं आणि मोजक्या बस सोडून.

आणि पुलाखाली सावली आहे म्हणून गाडी लावून डबा उघडू नका. माणसाचा वास राहिला की जनावर ती वाट टाळतं आणि वर रस्त्यावर येतं.