अर्ध्या इंचाचा पाऊस

(दृश्य: लॉस एंजेलिसमधली एक बांधकामाची साइट. सकाळी सात.)

आभाळ निरभ्र आहे. तरी ही इंजिनिअर साइटच्या कडेला उकिडवी बसून काळ्या कापडाच्या कुंपणाची खालची कड चाचपतेय. याला म्हणतात सिल्ट फेन्स. चर खणून कापडाची कड मातीत गाडायची असते. नुसतं खुंट्यांना ठोकून ठेवलं, तर पाणी गाळासकट खालून निघून जातं. एका जागी तिचा हात कापडाखालून आरपार जातो. ती फोटो काढते, नकाशावर खूण करते.

परवा पाऊस आहे. अंदाज अर्ध्या इंचाचा, म्हणजे जेमतेम तेरा मिलिमीटर. कोकणातला माणूस याला पाऊस म्हणायचाही नाही! पण चोवीस तासांत एवढा पाऊस पडण्याची शक्यता 50 टक्के किंवा जास्त असेल, तर बांधकामाच्या पावसाळी पाण्यासाठी असलेल्या कॅलिफोर्नियाच्या परवान्यानुसार आधीच्या 72 तासांत साइट तपासावीच लागते.

(दृश्य: रस्त्याकडेचं पावसाळी गटार.)

कारण हे गटार. या शहरात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं; रस्त्यावरचं पावसाचं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी तसंच समुद्राला मिळतं. उकरलेली माती त्याच्यासोबत गेली, की माशांच्या कल्ल्यांत गाळ बसतो, अंडी घालायची जागा गाळाखाली जाते.

अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा 1972चा. 1987च्या दुरुस्तीनं पावसाच्या पाण्यासाठीही परवाने आले. आधी पाच एकरांपासून पुढच्या बांधकामांना, 2003पासून एक एकरालाही. एक एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे.

सिव्हिल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पूल आणि टॉवर येतात. इथे एमएस करायला येणाऱ्या मुलांच्याही. साइटवरचं पावसाचं पाणी सांभाळायच्या या कामाचं नाव कॉलेजात फारसं कुणी काढत नाही. कॅलिफोर्नियात त्याच्या दोन पायऱ्या आहेत. साइटवर फिरून तपासणी करतो तो क्यूएसपी. माती कुठं अडवायची, पाणी कुठून काढायचं, हा आराखडा करून सही करतो तो क्यूएसडी. त्यासाठी पीईसारखं (प्रोफेशनल इंजिनिअर) मान्यताप्राप्त लायसन्स आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. सही जपून करावी लागते. अहवाल सरकारी संकेतस्थळावर जातात, कुणीही वाचू शकतं, आणि कायदा मोडला तर सामान्य नागरिकही कोर्टात जाऊ शकतो.

(दृश्य: काँक्रीटचा ट्रक. चाकाजवळून दुधाळ ओघळ.)

या पांढऱ्या पाण्याचा पीएच 12च्या आसपास असू शकतो. परवान्यातली इशाऱ्याची पातळी साडेसहा ते साडेआठ. ट्रक धुवायला प्लास्टिक अंथरलेला खड्डा आहे, पण तो भरलाय. सुपरव्हायझर म्हणतो, अजून दोनच गाड्या आहेत. ती म्हणते, आधी खड्डा उपसा. माझ्या मते या नोकरीतला अवघड भाग हाच. गणितं कॉम्प्युटर करतो. वीस वर्षं साइट चालवणाऱ्याला थांबवायला तुम्हालाच उभं राहावं लागतं.

(दृश्य: दोन दिवसांनी. पाऊस.)

कुंपणाची कड आता मातीत आहे. साइटबाहेर पडणाऱ्या पाण्याखाली ती बाटली धरते. काच कोरडी पुसते, कारण बोटाचा ठसासुद्धा गढूळपणाचा आकडा चुकवतो. 250च्या वर गेला तर तेवढ्यानं दंड होत नाही, पण कारण शोधून दुरुस्ती करावी लागते, कळवावं लागतं.

मीटरवर आकडे पळतात. 190. 204. 198वर थांबतो.

ती वेळ लिहिते आणि दुसऱ्या टोकाच्या गटाराकडे चालू लागते.