‘धरण फुटलं’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

मंडळी, २०१९ च्या ऑगस्टमधली एक रात्र आधी सांगतो, मग बाकीचं बोलू.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी पन्नास फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद. अर्ध्या कोल्हापुरात लाइट नाही, नळाला पाणी नाही. आमच्या भागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, २५६ माणसांचा. तेव्हा एका ग्रुपमध्ये तेवढीच मावत. रात्री दोनच्या सुमाराला एक मेसेज आला: ‘ताजी खबर. राधानगरीच्या भिंतीला तडा. नदीकाठच्या सर्वांनी ताबडतोब घरं सोडावीत. कलेक्टर ऑफिस.’ खाली एका धरणाचा फोटो. तो राधानगरीचा नव्हताच, पण रात्री दोन वाजता फोटो कोण पारखून बघतो? त्याच्यामागोमाग एका काकींचा व्हॉइस मेसेज आला. मागं नातू रडत होता आणि त्या एकच वाक्य परत परत विचारत होत्या, “दादा, खरं हाय काय? आम्ही आता कुठं जायचं?”

मी अ‍ॅडमिन होतो. मी काय केलं? सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील’ असं करून टाकलं. ती सोय आदल्याच वर्षी आली होती. वाटलं, तोंडं बंद झाली की घबराट थांबेल.

वीस मिनिटांत दुसरा ग्रुप निघाला. त्यात मी नव्हतो, माझ्यासारखं कुणीच नव्हतं. तिथं तडा गेलेल्या भिंतीचं फुटलेलं धरण झालं. काही बिऱ्हाडं अंधारात, पावसात, गुडघाभर पाण्यातून म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडली. सगळी सुखरूप राहिली, हे नशीब. पण काकींच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, त्यांचं तोंड तेवढं बंद केलं होतं. आज मला इथं जे सांगायचंय ते त्या रात्रीतनं आलेलं आहे. घाबरलेला माणूस अफवा पसरवत नसतो, तो प्रश्न विचारत असतो. फक्त त्याच्या प्रश्नाला शेवटी प्रश्नचिन्ह नसतं.

अफवेनं माणसं मरतात, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरू नगरमध्ये ‘पाणी येतंय, धरण फुटलं’ अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत किमान १५ माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस, भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, आणि ‘मुलं पळवणारी टोळी’ एवढेच तीन शब्द. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं. त्या वर्षी देशभर जो मुलं पळवण्याचा व्हिडिओ फिरला, तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मोटारसायकलवाले मूल परत आणून देतात, तो शेवट कुणीतरी कापला होता. तेवढाच कापला होता. ‘पुढचं काय आहे, बघू तरी,’ असं म्हणणारा एक माणूस जरी त्या फोनांच्या साखळीत असता तर!

आता धरणाकडं येऊ. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी माणूस जाऊन उघडत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी भोगावती नदीत आणि तिथून पंचगंगेत येतं. हे रात्री तीनलाही होतं. ज्याला हे माहीत नाही, त्याला ‘दरवाजा आपोआप उघडला’ याचा अर्थ ‘दरवाजा तुटला’ असाच लागतो. चूक त्याची नाही. जूनमध्ये, ऊन असताना, हे कुणी त्याला समजावून सांगितलेलं नसतं.

आकड्यांचंही तसंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगं सांगेल. पण ४३ म्हणजे माझ्या घरात पाणी येणार का, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. त्या पुरानंतर आम्ही ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं: बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या दाराशी पाणी लागलं? एका मावशींनी लिहिलं, ‘सत्तेचाळीसला आमचं जोतं भिजतं.’ कुणी लिहिलं पन्नास, कुणी ‘आमच्याकडं आलंच नाही’. ही यादी वहीत उतरवली. आता ‘पूर येतोय’ असं कुणी लिहिलं की आम्ही त्याला विचारतो, तुमचा आकडा काय? बंधाऱ्यावर आत्ता किती? मधलं अंतर दिसलं की माणूस सामान बांधायला लागतो, किंवा निवांत झोपतो. दोन्ही चांगलंच.

इथं एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे, कारण ती कुणी बोलत नाही. घबराट थांबवायच्या नादात आपण खोटा धीर देतो. २०१९ ला किती जण म्हणत होते, “२००५ ला इथपर्यंतच आलं होतं, याच्या वर येत नाही.” मोठी, जाणती माणसं म्हणत होती. त्यांच्या शब्दावर लोक थांबले, आणि पाणी २००५ च्या खुणा ओलांडून वर गेलं. मग माळ्यावरून, गच्चीवरून त्यांना बोटीनं काढावं लागलं. आणि बोटीनं निघणं म्हणजे काय, ते सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला विचारा. ८ ऑगस्टला तिथली बोट उलटली. वेळेवर निघायला मिळणं आणि शेवटच्या बोटीत चढावं लागणं यात किती अंतर आहे, ते त्या गावाला ठाऊक आहे. म्हणून ‘घाबरू नका, काही होत नाही’ हा मेसेजही मी फॉरवर्डसारखाच तपासतो. कुणी सांगितलं? कशावरून? किती वाजता?

कायद्याचा धाक दाखवू का, असं पोरं विचारतात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोटी घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये असंही म्हटलं, की सदस्यानं काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही. दोन्ही माहीत असावं. पण रात्री दोनला काकींना कलम ५४ पाठवणार का तुम्ही?

मग करायचं काय? पहिलं उत्तर नावानं द्यायचं. ‘सदस्यांनी अफवा टाळाव्यात’ असं नाही, तर ‘काकी, मी जागा आहे, कंट्रोल रूमला फोन लावतोय, दहा मिनिटांत सांगतो’ असं. आणि दहा मिनिटांनी खरंच सांगायचं. फोन लागला नाही तर ‘लागला नाही, परत लावतोय’ हेही सांगायचं. माणसं अर्धवट माहितीनं तेवढी घाबरत नाहीत जेवढी शांततेनं घाबरतात. ज्यानं चुकीचं टाकलं, त्याला सगळ्यांसमोर झापायचं नाही. खासगीत फोन करायचा आणि त्याच्याच हातून दुरुस्ती टाकून घ्यायची. एकदा चारचौघांत अपमान झालेला माणूस पुढच्या पुरात खरी बातमीही सांगत नाही. आणि ठरलेल्या वेळी आकडा टाकायचा. पाणी स्थिर असलं तरी टाकायचा. एक तास चुकला की ‘काहीतरी लपवतायत’ सुरू होतं.

ही वेळेची शिस्त आम्हाला एका पोरानं लावली. नदीकडच्या बाजूला राहतो, गाडीच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. घराच्या बाहेर दगडी पायऱ्या आहेत, सहा. तो दर तासाला त्या पायऱ्यांचा फोटो काढायचा, शेजारी मनगटावरचं घड्याळ धरून. पायरी आणि वेळ, एवढंच. लांबलचक भाषण नाही, लाल अक्षरं नाहीत. लोक म्हणायचे, “त्याचा फोटो आला का?” आला की ग्रुप गप्प व्हायचा.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. मी पहाटे उठून फोन बघितला. रात्रभरात धरणाबद्दल दोन फॉरवर्ड येऊन पडले होते, आणि दोन्हींच्या खाली त्याच काकींनी लिहिलं होतं, ‘जोवर पायरीचा फोटो येत नाही तोवर कुणी हलायचं नाही. आमचा आकडा अजून चार फूट लांब आहे.’ त्याच्याखाली त्याचा फोटो होता. ओल्या दगडावर घड्याळ, पाच वाजून दहा मिनिटं, आणि ‘तिसरी पायरी गेली. काकी, तुम्ही सामान वर घ्यायला लागा.’