गच्चीवरून आकाशगंगेचा वेग

श्रोते हो, नमस्कार.

नोकरी-धंदा सांभाळून भौतिकशास्त्रात काही करू इच्छिणारे पुष्कळ असतात. त्यातले बरेच जण थेट आइन्स्टाइनला दुरुस्त करायला निघतात आणि तिथेच अडकतात. त्यापेक्षा एकच राशी धरावी, ती स्वतः मोजावी आणि मोजमापातल्या चुका एकेक करून हुडकाव्यात. हे काम सुट्टीच्या दिवशी होतं आणि त्याला खरोखर संशोधन म्हणता येतं. आज अशाच एका प्रयोगाबद्दल: घराच्या गच्चीवरून आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग मोजणं. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, काही मापं येणार आहेत.

या वाटेवरचा पहिला मोठा हौशी माणूस ग्रोट रीबर. दिवसा शिकागोत रेडिओ कंपनीत नोकरी. १९३७ साली त्याने व्हीटन गावात घराच्या आवारात नऊ मीटरहून मोठी तबकडी उभारली. आकाशातून येणारं रेडिओ प्रारण त्याने ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकलं, काही नाही. ९१० वर ऐकलं, तरी काही नाही. तापलेल्या वस्तूप्रमाणे हे प्रारणही वरच्या वारंवारतेला वाढत जाईल, असा त्याचा हिशेब होता. निसर्गाचं गणित उलटं निघालं. १६० मेगाहर्ट्झवर मात्र आकाशगंगा सापडली. दोन अपयशं आली, तरी ती नेमकी नोंदलेली होती. म्हणून पुढची दिशा कळली.

आपण ऐकायचं आहे हायड्रोजनला. आकाशगंगेतला हा वायू एका ठरावीक वारंवारतेला रेडिओ लहरी सोडतो, तिला त्याची रेषा म्हणतात. ही रेषा १४२०.४०६ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी २१.१ सेंटिमीटर. डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन डी हुल्स्टने १९४४ साली तिचं भाकीत केलं आणि २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांना ती सापडली. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमाने राखीव आहे, तिथे कुणीच प्रक्षेपण करायचं नाही. शहरातल्या गच्चीवरूनही हा प्रयोग जमतो तो त्यामुळेच.

आता अँटेना. तबकडीपेक्षा कर्ण्याच्या आकाराचा अँटेना घ्या. तो जमिनीकडची उष्णता कमी गोळा करतो. जस्ती पत्रा वापरा, कारण ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. आधी एक आयताकृती नळी करून घ्यायची: आतलं माप १६.५ बाय ८.२५ सेंटिमीटर, एक टोक पत्र्याने पूर्ण बंद. बंद टोकापासून ६.८ सेंटिमीटरवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर, एस.एम.ए. सॉकेट (केबल जोडायचं छोटं सॉकेट) बसवा आणि त्याच्या मधल्या पिनेला दोन मिलिमीटर जाडीची, पाच सेंटिमीटर लांबीची तांब्याची तार सोल्डर करा. बंद टोकाचं अंतर हवेतल्या तरंगलांबीच्या पावपट, म्हणजे ५.३ सेंटिमीटर ठेवण्याची चूक हमखास होते. नळीच्या आत तरंगलांबी ताणली जाऊन साडेसत्तावीस सेंटिमीटर होते, म्हणून ६.८. तार मात्र पाचचीच. ती जरा लांब ठेवून कापत कापत जुळवावी.

नळीच्या उघड्या तोंडाला ७५ बाय ६० सेंटिमीटर तोंडाचा कर्णा जोडा, लांबी ६५ ते ७० सेंटिमीटर. कोपऱ्यांच्या फटी सलग सोल्डर करा किंवा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बुजवा. हा अँटेना साधारण १९ अंशांचा आकाशाचा तुकडा पाहतो. त्यामुळे रोखताना दोन-तीन अंशांची चूक झाली तरी चालते. कंपास आणि मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप पुरे.

सॉकेटला लागूनच लो नॉइज अँप्लिफायर, म्हणजे स्वतःची खरखर फारशी न मिसळता संकेत वाढवणारा, हवा. हायड्रोजन रेषेसाठीचे, आत फिल्टर असलेले तयार मिळतात. तो खाली खोलीत ठेवून मध्ये केबल टाकू नका. अँप्लिफायरच्या आधी एक डेसिबलची घट झाली, की खरखरीत (ती तापमानासारखी केल्विनमध्ये मोजतात) ७५ केल्विनची भर पडते, आणि साध्या आर.जी.-५८ केबलचे दोन मीटरही तेवढी घट करतात. अँप्लिफायरनंतर लांब केबल चालते. तिच्या दुसऱ्या टोकाला एस.डी.आर. डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ, पुढे लॅपटॉप. त्यातला वारंवारता ठरवणारा स्फटिक तापमान-स्थिरच घ्या. साध्या स्फटिकात लाखात पाचची चूक सहज असते, म्हणजे वेगात सेकंदाला १५ किलोमीटरचा घोटाळा.

आकाशाकडे वळण्याआधी एक चाचणी. कर्णा आधी मोकळ्या आकाशाकडे आणि मग जमिनीकडे रोखा. जमीन ३०० केल्विनची, आकाश दहाच्या आसपास. एकूण शक्तीत साडेचार-पाच डेसिबलचा फरक दिसला तर यंत्रणा ठीक आहे. तीनपेक्षा कमी आला तर तार, सोल्डर किंवा अँप्लिफायरचा वीजपुरवठा तपासा. पुढे जाण्यात अर्थ नाही. या चाचणीला कंटाळून थेट रेषा शोधणारे आठवडेच्या आठवडे नुसती खरखर साठवत बसतात.

डोंगलची आपोआप गेन (संकेत किती पट वाढवायचा ते) बदलणारी सोय बंद करा. नमुने सेकंदाला २४ लाख, वर्णपटाचे, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्या आलेखाचे, कप्पे ५१२. एक कप्पा ४.७ किलोहर्ट्झचा झाला, म्हणजे वेगात सेकंदाला जवळपास एक किलोमीटर. मध्य १४१९.७ मेगाहर्ट्झवर ठेवा. डोंगल स्वतःच मध्यावर एक खोटा सुळका काढतो आणि कडांना उतरतो; रेषा या दोन्हींपासून दूर हवी. पाच मिनिटांची सरासरी घेतली की खरखरीची चढउतार केल्विनच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. आपला संकेत तिच्या कितीतरी पट मोठा असतो.

रोखायचं कुठे? आकाशगंगेच्या प्रतलात, गॅलेक्टिक रेखांश ३० अंशांवर (म्हणजे त्या प्रतलात केंद्राच्या दिशेपासून ३० अंश), गरुड तारकासमूहाच्या दक्षिण कडेला. महाराष्ट्रातून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी सहा-साडेसहाला हा भाग दक्षिणेकडे सत्तर अंशांच्या आसपास उंचीवर असतो. ढग असले तरी हरकत नाही. सूर्य मात्र तीस अंश तरी लांब हवा, त्याची खरखर बरीच भर घालते. पाऊस असेल तर तोंडाला प्लास्टिकचा कागद ताणून बांधा. यूएन-पर्सेल यांच्या हार्वर्डच्या खिडकीबाहेरच्या कर्ण्यातून पावसाचं पाणी प्रयोगशाळेत आलं होतं!

नोंदवलेला वर्णपट डोंगराच्या कडेसारखा ओबडधोबड दिसेल. तो फिल्टरचा आकार असतो, हायड्रोजन नव्हे. कर्णा न हलवता चार-पाच तास थांबा. आकाशगंगा सरकून जाईल. तेव्हाचा वर्णपट घेऊन पहिल्याला त्याने भागा, म्हणजे हायड्रोजनचा उंचवटा उरेल. उंची तीच राहिल्याने जमिनीची उष्णताही दोन्हीत सारखी येते. त्या दुसऱ्या भागातही थोडा हायड्रोजन असतो, पण शून्य वेगाच्या आसपास. उंचवट्याची आपल्याला हवी असलेली कड त्यापासून दूर आहे.

दिसलेला उंचवटा खरा की लॅपटॉपच्या चार्जरचा? रोज तपासा. खरा संकेत ताऱ्यांप्रमाणे दररोज चार मिनिटं आधी येतो. चार्जर ताऱ्यांचं घड्याळ पाहत नाही.

आता गणित. दूर जाणाऱ्या वायूची रेषा खालच्या वारंवारतेकडे सरकते, दर सेकंदाला एक किलोमीटरमागे ४.७४ किलोहर्ट्झ. पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं आणि शेजारच्या ताऱ्यांमधली सूर्याची स्वतःची चाल यांची दुरुस्ती आधी करा. दोन्ही मिळून ती सेकंदाला ४५ किलोमीटरपर्यंत जाते आणि तारखेनुसार बदलते. ही विसरली तर जानेवारीचं आणि जुलैचं उत्तर जुळणार नाही. मग उंचवट्याची दूर जाणारी कड शोधा, ती सेकंदाला १०० किलोमीटरच्या थोडी पुढे यावी. हा वेग सूर्याच्या सापेक्ष असतो, म्हणून सूर्याचा त्या दिशेचा वेग त्यात मिळवायचा. आकाशगंगेच्या केंद्राभोवती सूर्याचा वेग २२० धरला तर ३० अंशांच्या साइनने, म्हणजे अर्ध्याने, गुणून ११० येतात. दोन्हींची बेरीज २१० ते २२०. केंद्रापासून १३ हजार प्रकाशवर्षांवरचा वायू फिरतो तो या वेगाने. सूर्य त्याच्या दुप्पट अंतरावर आहे, तरी वेग जवळपास तितकाच. बहुतेक वस्तुमान मध्यात असतं तर बाहेर वेग बराच कमी व्हायला हवा होता.

कड नेमकी कुठे धरायची, यावर खरा वाद होतो. १९ अंशांचा अँटेना शेजारचे रेखांशही मिसळतो आणि कड पसरट करतो. म्हणून २० ते ७० अंशांपर्यंत दर दहा अंशांनी मोजा, कड धरण्याचा नियम आधी लिहून ठेवा आणि तो मध्येच बदलू नका. २० च्या खाली ही पद्धत डळमळते, कारण मध्याजवळचा वायू वर्तुळाकार फिरत नाही. लायडन-अर्जेंटिना-बॉन या आकाशभरच्या हायड्रोजन सर्वेक्षणाचे वर्णपट खुले आहेत, ते आपल्या अँटेनाच्या रुंदीइतके पसरवून शेजारी ठेवा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. तिच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्याही हीच रेषा ऐकू शकतात. जाणार असाल तर नुसता भागून काढलेला आलेख नेऊ नका. मूळ दोन्ही वर्णपट, तारीख, वेळ आणि जमीन-आकाश चाचणीचा आकडाही बरोबर ठेवा. जाणकार आधी तेच विचारतील.