आधी पाणी पाहा, मग रजा टाका

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दूर डोंगरातल्या एखाद्या ओढ्यावर फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी गळाला लावून मासे धरायला, जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. मासा ट्राउटच, म्हणजे गार पाण्यात राहणारा, आणि तोही मत्स्यपैदास केंद्रात वाढवून आणून सोडलेला नव्हे, त्याच पाण्यात जन्मलेला. असा बेत आखताना बहुतेक जण आधी रजा मंजूर करून घेतात आणि मग जागा शोधतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी पाणी पाहा.

बर्फाच्या डोंगरातले ओढे उन्हाळा लागला की लगेच मासेमारीजोगे होत नाहीत. बर्फ वितळत असतं तोवर ते फुगलेले आणि गढूळ असतात, पलीकडे उतरून जाणं जिवावर बेतू शकतं. हे पाणी ओसरायला किती दिवस लागतील, हे बरंचसं हिवाळ्यात किती बर्फ पडलं यावर ठरतं. त्या खोऱ्यातल्या बर्फाचे आणि विसर्गाचे आकडे मिळत असतील, तर ते महिनाभर आधीपासून बघत राहा.

फार उशीर केला, तर दुसरीच अडचण. खालच्या पट्ट्यातलं पाणी तापतं. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियस तापमान मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि नेमका तेव्हाच माशाच्या शरीराला तो जास्त लागतो. पारा २० अंशांपर्यंत गेला असेल, तर झुंजून दमलेला मासा तुम्ही कितीही हळुवार परत पाण्यात सोडा, तो नंतर दगावू शकतो. खिशात थर्मामीटर ठेवाच. पाणी तापलेलं दिसलं, तर पहाटेच गळ टाका, दुपारी थांबा किंवा अजून वर सरका. म्हणूनच बेतात वरच्या अंगाचा एखादा ओढा राखून ठेवायचा.

तो शोधायला समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा लागतो. रेषा दाटीवाटीने आल्या असतील, तिथे ओढा धबधब्यासारखा कोसळतो. त्या विरळ होतात, तिथे तो कुरणातून वळणं घेत जातो, डोह तयार होतात, काठाखाली माशाला लपायला जागा मिळते. नकाशावर असे सपाट टप्पे हेरण्यात घालवलेली संध्याकाळ मला तरी सहलीचाच भाग वाटते.

कृत्रिम माश्यांचे डबेच्या डबे नेऊ नका. ओढ्यावर पोहोचलात की खळाळत्या पाण्यातला एक दगड उलटून बघा. त्याला चपट्या अंगाच्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या बिलगलेल्या असतील. कदाचित वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली बारीक नळी दिसेल, तिच्या आत कॅडिस या दुसऱ्या कीटकाची अळी असते. मासा जे खातो ते असं हातात येतं, त्याच आकाराची आणि रंगाची माशी निवडा. दगड होता तसा ठेवा. उन्हाळा सरत आला की नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडतात, तेव्हा त्यांच्यासारख्या तरंगत्या माश्या हव्यात.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, तेव्हा त्याच्या मागून, वाकून जा. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. मासा धरताना हात ओले हवेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. आणि पाय कुठे ठेवता ते बघा. रेनबो ट्राउट वसंतात अंडी घालतो, पण उंचावरच्या गार पाण्यात हा हंगाम उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत लांबतो. तळाच्या गोट्यांमध्ये धुतल्यासारखा उजळ पट्टा दिसला, तर खाली अंडी असू शकतात. तिथे पाऊल टाकू नका.

बूट एका खोऱ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा. डिडिमो हे शैवाल ओल्या बुटांतून पसरतं, न्यूझीलंडने २००८ मध्ये मासेमारीसाठी फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारख्या, तळव्यांच्या बुटांवर बंदी आणली ती त्यामुळेच.

परवाना आणि त्या पाण्याचे नियम निघण्याआधीच बघून घ्या. ढग गडगडू लागले की रॉड, म्हणजे गळाची काठी, खाली ठेवा, ती ग्राफाइटची असते आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. तिथे फोन लागणार नाही, हे धरूनच चाला. कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार आणि कोणत्या दिवसापर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून घरच्या माणसाच्या हाती द्या, मगच निघा.

नमस्कार.